सहा एप्रिलचं पान

१

रजिस्टरमध्ये पाच एप्रिलनंतर एकदम सात एप्रिल आलं, तेव्हा अंजना वासनिकला वाटलं, दोन पानं चिकटली असतील. तिने नखाने कड सोडवून पाहिली. मग पुस्तक उघडं धरून शिवणीत बोट फिरवलं. तिथे कागदाची एक अरुंद पट्टी उरली होती. सरळ, गुळगुळीत. पान फाडलेलं नव्हतं, ब्लेडने कापलेलं होतं.

१९८७ सालचा एप्रिल, गुरुवारची सकाळ. नॉर्थ कॅरोलायनातल्या हॅलोवेल हॉस्पिटलमध्ये सहा ऑपरेशन थिएटरं होती आणि सहाही रोज उशिरा चालायची. उशीर का होतो ते शोधायला सहा महिन्यांपूर्वी अंजनाला नेमलं होतं. ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. नागपूरहून आलेली इंडस्ट्रियल इंजिनियर. हातात स्टॉपवॉच घेऊन फिरणारी ही बाई लोकांना फारशी आवडत नसे.

पण सोमवारी, सहा एप्रिलला, नुसता उशीर झाला नव्हता. लोरेटा प्रुइट नावाची अठ्ठावन्न वर्षांची बाई, एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करणारी, पायाची रक्तवाहिनी बंद पडली म्हणून इमर्जन्सीत आली. अशा वेळी मिनिटामिनिटाने पाय मरत जातो. दुपारी दोनच्या आत तिचं ऑपरेशन सुरू होऊ शकलं असतं. सुरू झालं पावणेतीनला. बुधवारी गुडघ्याखालून पाय कापावा लागला.

दोष कुणाचा, हे हॉस्पिटलचे प्रमुख हॅस्कल यांनी ठरवूनही टाकलं होतं. पेशंटला स्ट्रेचरवरून थिएटरमध्ये आणणारा कर्टिस बून. "हत्यारं एक दहाला तयार होती. मशीनच्या कागदावर तसं आहे," हॅस्कल म्हणाले होते. "बूनने पेशंट आणला दोन वीसला. सत्तर मिनिटं हा माणूस काय करत होता? उद्या दहाला मीटिंग आहे. त्यानंतर तो इथे नसेल. तू फक्त वेळांचा तक्ता करून आण."

तो तक्ता करायलाच तिने रजिस्टर उघडलं होतं.

२

कर्टिस तळमजल्यावर रिकाम्या स्ट्रेचरांच्या रांगेपाशी उभा होता. सत्तेचाळीस वर्षांचा कृष्णवर्णीय माणूस, एकोणीस वर्षं याच कामात.

"मला थांबायला सांगितलं होतं, मिस अंजना," तो म्हणाला. "मी सव्वाच्या सुमाराला तिला घेऊन लिफ्टपर्यंत पोचलो होतो. भिंतीवरचा फोन वाजला. 'होल्ड कर, हत्यारं तयार नाहीत.' मी थांबलो. दोन दहाला पुन्हा फोन आला, 'आण.' दहा मिनिटांत मी वर."

"फोनवर कोण होतं?"

"थिएटरच्या डेस्कवरून होता. मार्ज असेल. पण इकडे गाड्यांचा खडखडाट. शपथेवर सांगता येणार नाही."

"तासभर तू काय केलंस?"

"तिच्याजवळ उभा होतो. तिचा पाय गार पडत चालला होता. दुसरं ब्लँकेट आणलं. ती विचारत होती, वरच्यांना माहीत आहे ना मी इथे आहे ते? मी म्हणालो, माहीत आहे, मॅडम." त्याने एका स्ट्रेचरची चादर सरळ केली. "हे मी मिस्टर हॅस्कलना सांगितलं. ते म्हणाले, कुठे लिहिलंय दाखव."

कुठे लिहिलंय ते अंजनाला ठाऊक होतं. डेस्कवरून केलेला प्रत्येक फोन रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहायचा नियम होता. ते पानच नव्हतं.

नागपूरला तिचे वडील एका दवाखान्यात अटेंडंट होते. काही हरवलं, काही फुटलं, की पहिली हाक त्यांना येई. ते घरी येऊन चप्पल काढायचे तेव्हा आईला चेहऱ्यावरून कळायचं. कर्टिसच्या चेहऱ्यावर आज तसंच काहीसं होतं.

३

मार्ज टॉलिव्हर ही थिएटरची मुख्य नर्स. डेस्क तिचं, रजिस्टर तिचं. कापलेली पट्टी पाहून ती खुर्चीत बसली.

"मी कशाला कापेन? कापायचंच असतं तर आख्खं पुस्तक हरवलं नसतं का?"

"कर्टिसला थांबायचा फोन तू केलास?"

मार्जने कपाळ चोळलं. "सोमवारी मला वाटत होतं, मीच केला. पण हत्यारं एक दहाला तयार होती म्हणतात. मग सव्वाला मी त्याला थांब कशाला सांगेन? अंजना, सहा थिएटरं, दिवसाला शंभर फोन. आता माझा माझ्यावरच भरवसा राहिलेला नाही."

"रजिस्टरपाशी एकटं कोण आलं होतं?"

"मंगळवारी डॉक्टर व्हिटकॉम आले होते. सोमवारचं पान दाखव म्हणाले. मी पुस्तक दिलं आणि चार नंबरला गेले. तसे भूलवाले डॉक्टर तर दिवसभर इथेच असतात." मग अंजनाच्या वहीकडे पाहून ती कसनुशी हसली. वेळा लिहिताना अंजना तासामिनिटांत एक टिंब देई. मार्ज नेहमी चिडवायची, ही वेळ आहे की दशांश अपूर्णांक? अमेरिकेत तिथे दोन टिंबं लागतात. आज तिने चिडवलं नाही.

सर्जन व्हिटकॉम हात धूत होते. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"हो, पान पाहिलं. तेव्हा जागेवर होतं. मी वाचलंही नाही धड, मला पुढच्या केसला बोलावलं. पेशंटला ऑपरेशन लागणार हे मी बाराला ठरवलं. इमर्जन्सीतल्या मुलीला म्हटलं, वर कळव. पाऊण वाजून गेल्यावर मी वर येऊन पाहतो तर हत्यारांचा पत्ता नाही. सकाळच्या केसमधली, तशीच रक्ताळलेली, दोन नंबरच्या टेबलावर पडलेली. मी ओरडलो. मग धावाधाव झाली."

"ती धुवायला पाठवा, असं तुम्ही बाराला कुणाला सांगितलं होतं का?"

"ते सर्जनचं काम नाही." नळ बंद झाला. "रक्तवाहिनीच्या हत्यारांचा या हॉस्पिटलात एकच संच आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. कुणीतरी पाठवेल, असं धरून चालायचं."

तिसरी भेट सोपी होती. भूलतज्ज्ञ डॉ. श्रीरंग पेंडसे मूळ पुण्याचे, अठरा वर्षं अमेरिकेत. अंजनाला ही नोकरी त्यांच्याच शिफारशीने लागली होती. दर दोन-तीन आठवड्यांनी जवळच्या कॅरी गावातल्या त्यांच्या घरी ती आणि तिचा नवरा अनिल जेवायला जात. लाउंजमध्ये ते कॉफी घेऊन बसले होते.

"काका, सोमवारचं काय आठवतं?"

"माझ्या एकामागून एक केसेस होत्या गं. एक संपवून बाहेर आलो की दुसरी." त्यांनी कप फिरवला. "खरं सांगू? दोष कुणा एकाचा नाही. सिस्टीमच तशी आहे. बारा पाचला इमर्जन्सीचा फोन आला, तेव्हाच जर हत्यारं धुवायला गेली असती, तर काही झालं नसतं. पण प्रत्येक जण आपापल्या खोलीत. तू रिपोर्टमध्ये हेच लिही. उगाच माणसांच्या मागे लागू नकोस."

ते योग्यच बोलत होते. अंजनाने ते वहीत लिहून घेतलं आणि जिन्याने खाली निघाली.

४

हत्यारं धुऊन वाफेने निर्जंतुक करायचा विभाग तळघरात होता. तिथली ग्लेंडा अकरा वर्षं त्या गरम खोलीत काम करत होती. अंजना सहा महिन्यांत इथे दोनदा आली होती, तेही मोजमापं घ्यायला.

"सोमवारी तो संच तुझ्याकडे कधी आला?"

ग्लेंडाने हातमोजे काढले. "एकच्या आत पाच मिनिटं. धुवायला वीस मिनिटं, मग मशीन, मग गार होणं. सव्वा तास लागतोच. मोठा संच आहे तो, वरच्या छोट्या मशीनमध्ये मावत नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी मी स्वतः तो लिफ्टमध्ये ठेवला."

अंजनाची पेन्सिल थांबली. "एक दहाला नाही?"

"दोन दहा."

"हे तू हॅस्कलना का सांगितलं नाहीस?"

"ते मंगळवारी आले, मशीनमधला कागद काढून घेऊन गेले. मला कुणी काही विचारलंच नाही."

त्या कागदाची प्रत अंजनाच्या फायलीत होती. थाळीसारखा गोल कागद. मशीन चोवीस तासांत त्याला एक फेरी देतं आणि पेन तापमानाची रेघ ओढत जातं. तिने तो टेबलावर पसरला. संच बाहेर निघाल्याची खूण एक दहावर होती, त्यात संशय नव्हता.

मग तिने दिवसाची पहिली रेघ शोधली. ती साडेचारला चढत होती.

"ग्लेंडा, पहाटे तुम्ही कामावर किती वाजता येता?"

"साडेपाच. आल्या आल्या पहिला घाणा लावतो."

 पहाटे साडेचारला या तळघरात कुणीही नव्हतं. मग मशीन कुणी चालू केलं होतं?

"देखभालीचा माणूस कुठे बसतो?" अंजनाने विचारलं.

त्याची खोली दोन दारं सोडून होती. भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्यात एका तारखेभोवती लाल गोल. सव्वीस एप्रिल. खाली लिहिलं होतं, 'मशीनची घड्याळं एक तास पुढे.'

दर उन्हाळ्यात देशभरची घड्याळं तासभर पुढे करायची, ती एप्रिलच्या शेवटच्या रविवारी. वर्षानुवर्षांची पद्धत होती. पण कायदा बदलला होता आणि या वर्षी पहिल्यांदाच तो दिवस एप्रिलच्या पहिल्या रविवारी आला होता. पाच तारखेला. भिंतीवरची, मनगटावरची घड्याळं लोकांनी बातम्या ऐकून पुढे केली. या मशीनच्या पोटातलं घड्याळ जुन्या सवयीने सव्वीस तारखेची वाट पाहत होतं.

कागदावरचं एक दहा म्हणजे खरे दोन दहा. कर्टिसने सत्तर मिनिटं घालवलीच नव्हती. हत्यारं निघाल्यावर दहा मिनिटांत त्याने पेशंट पोचवला होता.

अंजनाला हायसं वाटलं, पण क्षणभरच. पान कापणाऱ्याला या तासाची काहीच कल्पना असणं शक्य नव्हतं. मग त्याने काय लपवलं होतं?

५

ती परत डेस्कवर आली. मार्जकडून टॉर्च मागून घेतली आणि सात एप्रिलच्या पानावर अगदी आडवी धरली. शेऱ्याचा रकाना त्या दिवशी जवळजवळ कोरा होता. वरच्या पानावर कुणी पेन दाबून लिहिलं असेल तर खाली वळ उठणार.

वळ होते. खालच्या बाजूला एक फिकट '1:15' आणि पुढे न लागणारी अक्षरं. मार्जचं अक्षर. त्याच्या बरंच वर, जोरात दाबून लिहिलेलं, दुसऱ्या हाताचं: 'ER', म्हणजे इमर्जन्सी. आणि त्याआधी वेळ.

12.05

मध्ये एकच टिंब होतं. पेनचं टोक इतकं रुतलेलं, की बोटाला लागत होतं.

मार्ज वाकून पाहत होती. "हे तर तू लिहितेस तसं आहे," ती हळूच म्हणाली.

 अंजनाने आपली वही उघडली आणि लाउंजमध्ये लिहिलेली ओळ पुन्हा वाचली. बारा पाचला इमर्जन्सीचा फोन आला. मार्जला त्या फोनची वेळ माहीत नव्हती, व्हिटकॉमना नव्हती, इमर्जन्सीवाले ती लिहीत नसत. ती वेळ फक्त एका पानावर होती, आणि ते पान तर कापलेलं होतं.

संध्याकाळी सहाला ती कॅरीला गेली. नीलाकाकूंनी दार उघडलं, चहाचं विचारलं. "नको काकू, काकांशी दोन मिनिटं बोलायचंय," ती म्हणाली. पेंडसे मागच्या अंगणात झाडांना पाणी घालत होते.

"काका, तुम्ही वेळ लिहिताना मध्ये टिंब देता ना? माझ्यासारखं?"

पाणी एकाच वाफ्यात पडत राहिलं. मग त्यांनी नळ बंद केला आणि पायरीवर बसले.

"मार्ज जेवायला गेली होती," ते म्हणाले. "फोन वाजत होता. मी दोन केसेसच्या मध्ये होतो. उचलला. रक्तवाहिनीची केस येतेय, म्हणाले. मी रजिस्टरमध्ये लिहिलं आणि आत गेलो. मला वाटलं, मार्ज येईल, बघेल. तिने बघितलं नसणार, त्यावर दुसरी फाइल पडली असेल. पाऊण तास... मी फक्त वळून कुणाला तरी सांगायला हवं होतं. एक वाक्य."

"मग पान?"

"बुधवारी पाय कापला. त्या बाईला भूल मीच दिली. बाहेर आलो तेव्हा रजिस्टर सोमवारच्या पानावर उघडंच होतं आणि माझं अक्षर समोर. मे महिन्यात माझी विभागप्रमुखपदाची मुदत वाढवून मिळायची आहे. अठरा वर्षं झाली, अजून कमिटीत कुणीतरी विचारतंच, हे कुठल्या कॉलेजचे. मला ती एक ओळ नको होती. पण ओळ कापता येत नाही, पान कापावं लागतं."

"त्या पानावर कर्टिसची ओळ होती, काका."

"ते मी घरी येऊन वाचलं." त्यांनी हातावरची माती झटकली. "एक पंधरा, हत्यारं तयार नाहीत, बूनला थांबायला सांगितलं. वाचलं आणि घडी घालून ठेवलं. मशीनचा कागद उलटं सांगतोय, मार्जची चूक झाली असेल, अशी स्वतःची समजूत घातली."

अंजना उभीच होती. या माणसाने तिला या देशात पहिली नोकरी मिळवून दिली होती. तिच्या ग्रीन कार्डच्या कागदांवर त्यांची सही होती.

"उद्या दहाला मीटिंग आहे," ती म्हणाली. "तुम्ही काय करायचं ते मी सांगणार नाही. पण वळ मी पाहिलेत, आणि मला कुणी विचारलं तर मी नाही म्हणणार नाही."

"आणि कुणी नाही विचारलं तर?"

"तरी सांगेन."

६

मीटिंगच्या खोलीत आठ खुर्च्या होत्या. अंजनाने हॅस्कलना न विचारता आणखी दोन आणल्या आणि कर्टिसला आणि ग्लेंडाला बसवलं. दोघंही त्या मजल्यावर पहिल्यांदाच येत होते. हॅस्कलनी भुवया उंचावल्या. व्हिटकॉम घड्याळ पाहत होते. पेंडशांची खुर्ची रिकामी होती.

तिने कागद एकाखाली एक मांडले. इमर्जन्सीचा कागद, भुलीचा तक्ता, कर्टिसची पेशंट पोचवल्याच्या वेळेची चिठ्ठी, मशीनचा गोल कागद. "हे चारही कागद आजवर चार वेगळ्या कपाटांत राहत आले," ती म्हणाली. "एका टेबलावर ते पहिल्यांदाच आलेत." मग तिने पहाटे साडेचारच्या रेघेवर बोट ठेवलं आणि ग्लेंडाला विचारलं, "तुम्ही किती वाजता येता?"

ग्लेंडाने सांगितलं. कॅलेंडरचं अंजनाने सांगितलं. हॅस्कलनी कागद स्वतःकडे ओढून दोनदा पाहिला.

"म्हणजे बूनचा दोष नाही," ते शेवटी म्हणाले. कर्टिसने मान खाली घातली. त्याचे खांदे सैल झाले. "पण मग हत्यारं पाऊण तास टेबलावर का पडून राहिली? आणि ते पान कुणी..."

दार उघडलं. पेंडसे आत आले. कोटाच्या खिशातून त्यांनी घडी घातलेलं पान काढून टेबलावर ठेवलं. बसले नाहीत.

"फोन मी घेतला होता. पानही मी कापलं," ते म्हणाले. मग कर्टिसकडे वळले. "मिस्टर बून, तुमच्या बाजूचा पुरावा या पानावर होता. तो मी दोन दिवस घरी ठेवला. त्याबद्दल माफी कशी मागतात, मला माहीत नाही."

 "मलाही माहीत नाही, डॉक्टर," कर्टिस म्हणाला.

 व्हिटकॉम खाकरले. "बाराला मलाही माहीत होतं," ते कुणाकडेही न पाहता म्हणाले. "तीन मिनिटं चालत गेलो असतो तर हत्यारं धुवायला गेली असती." मार्ज म्हणाली, जेवायला जाताना डेस्कवर कुणाला बसवायचं, हे तिने कधी ठरवलंच नव्हतं. ग्लेंडा म्हणाली, दोन नंबरची केस संपल्याचं तिला वरून कधीच कुणी कळवत नाही. गाडी खाली आली की कळतं.

अंजना लिहून घेत होती. सहा महिने ती स्टॉपवॉच घेऊन फिरली होती आणि यातलं एकही वाक्य तिच्या तक्त्यांत नव्हतं.

७

हॉस्पिटलच्या वकिलाने सांगितलं होतं, पेशंटशी कुणी बोलू नका. तरी त्याच दुपारी पेंडसे, व्हिटकॉम, मार्ज, ग्लेंडा आणि कर्टिस मिसेस प्रुइटच्या खोलीत गेले. अंजना दाराशी थांबली.

प्रत्येकाने आपापला भाग सांगितला, दुसऱ्याचा नाही. मिसेस प्रुइट उशीला टेकून ऐकत होत्या. पांघरुणाखाली एका बाजूला उंचवटा लवकर संपत होता.

"म्हणजे वर सगळ्यांना थोडं थोडं माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"हो," पेंडसे म्हणाले.

"माझा वकील येणार आहे. मी त्याला हे सगळं सांगणार."

"सांगा. मी त्याच्यासमोरही हेच सांगेन."

 मग मिसेस प्रुइटनी मार्जला विचारलं, "आता दुसरं कुणी आलं तर फोन कोण घेणार, ते ठरलंय का?"

मार्जने खरं ते सांगितलं. अजून नाही.

"मग इथे कशाला उभे आहात?"

सोमवारपासून रोज पावणेसातला डेस्कपाशी पाच मिनिटं सगळे उभे राहू लागले. सर्जन, भूलवाले, नर्स, ग्लेंडा, कर्टिस. दिवसाच्या केसेस, कुठला संच कधी लागणार, कुणाला कशाची काळजी वाटतेय. फोन घेणाऱ्याने निरोप तोंडाने पोचवायचा आणि ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा. पहिल्या आठवड्यात व्हिटकॉम दोनदा आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी कर्टिस त्यांना कारपाशी जाऊन घेऊन आला. दुसरा संच मागवला गेला. जूनपर्यंत सहापैकी पाच थिएटरं वेळेवर सुरू होऊ लागली. चार नंबरचं काही केल्या जमेना.

मिसेस प्रुइटना हॉस्पिटलने कोर्टाबाहेर भरपाई दिली. पेंडशांना मेपासून तीन महिने घरी बसवलं, विभागप्रमुखपद काढून घेतलं. अंजनाचं त्यांच्या घरी जाणं बंद झालं. बंद कुणी केलं, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. ऑगस्टमध्ये ते परत कामावर आले. पहिल्याच दिवशी पावणेसातला रांगेच्या टोकाला उभे राहिले. कर्टिसने सरकून जागा केली, पण बोलला नाही.

सप्टेंबरच्या एका दुपारी एक ट्रक ड्रायव्हर आला. उजवा पाय पांढराफटक, गार. फोन पेंडशांनीच उचलला. हातातलं पेन ठेवून ते डेस्कवरून मागे वळले, मार्जला सांगितलं, तिने परत म्हणून दाखवलं आणि खाली कळवलं. मिनिटभरात तळघरात ग्लेंडाने तयार ठेवलेला दुसरा संच गाडीवर चढवला होता. फोनपासून ऑपरेशन सुरू होईपर्यंत एकेचाळीस मिनिटं गेली.

आठवड्याने तो माणूस आपल्या पायांनी चालत बाहेर पडला. नियमाप्रमाणे दारापर्यंत कर्टिस व्हीलचेअर घेऊन सोबत होता, पण ड्रायव्हरने ती नाकारली. जाता जाता त्याने अंजनाकडे तक्रार केली, की तुमच्याकडे पार्किंग फार लांब आहे.